मोफनवरचा पहिला मराठी माणूस

डॉक्टर कमलाकर दाबके यांनी लेस्टरच्या एका मोठ्या इस्पितळात एकतीस वर्षं लोकांना भूल दिली. २००६ साली ते निवृत्त झाले आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपण बोलत असताना माणसं जागीसुद्धा राहू शकतात. तेव्हापासून त्यांना व्याख्यानांचा नाद लागला. मी त्याच वर्षी लेस्टरच्या आमच्या सह्याद्री मित्रमंडळाची चिटणीस झाले. पुण्याहून वर्क परमिटवर येऊन तीन वर्षं झाली होती आणि मंडळात कुणाला नाही म्हणायला मी अजून शिकले नव्हते, म्हणून ते पद माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी वर्षभरात मधुमेह, संत्रस्त मन आणि लंडनचे पूल या विषयांवर भाषणं केली. तिन्ही वेळा मी बटाटेवडे मोजून ठेवले आणि आभार मानले.

२००७ च्या जुलैत त्यांचा मुलगा साकेत याने आईवडिलांना आर्क्टिकच्या सफरीवर पाठवलं. नॉर्वेच्याही वर, नॉर्वेच्याच मालकीचा जो स्वालबार्ड नावाचा बेटांचा पुंजका आहे, तिथे एका लहानशा जहाजातून जायचं, दहा दिवस बर्फ आणि प्राणी पाहायचे आणि परत यायचं. या सफरीत चौदा जुलैला, दुपारच्या जेवणानंतर, जहाज मोफन नावाच्या बेटाजवळ थांबलं.

त्या दुपारी नेमकं काय झालं ते मला पुष्कळ नंतर कळलं, पण गोष्ट सरळ सांगायची तर आत्ताच सांगायला हवं. डॉक्टरांना सकाळपासून बोट लागत होती. त्यांनी स्वतःच स्वतःला एक गोळी दिली, तिने भागेना म्हणून दुसरी दिली, आणि एकतीस वर्षांच्या अनुभवाला साजेशी गाढ झोप लागून ते केबिनमध्ये रात्रीच्या जेवणापर्यंत पडून राहिले. अरुणाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दोन जॅकेटं चढवून डेकवर तीन तास उभ्या होत्या. काकूंनी बावीस वर्षं एका शाळेच्या लायब्ररीत काम केलं होतं. जे दिसेल ते वहीत लिहून ठेवायची त्यांना सवय होती. रात्री जेवताना त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि डॉक्टरांनी सूप पीत ते ऐकलं.

ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे लेस्टरला मोफनवरचं पहिलं व्याख्यान झालं. ते चांगलं झालं, हे मला मान्य करायलाच हवं. डॉक्टर म्हणाले, आम्ही तीनशे मीटरवरून बेट पाहिलं, ते इतकं सपाट आहे की आधी नुसते प्राणीच समुद्रावर पडलेले दिसतात, जमीन मागाहून दिसते. लोक शांत बसून ऐकत होते. काकू पहिल्या रांगेत होत्या आणि अधूनमधून मान हलवत होत्या. नंतर प्रश्न आले. जहाजावर शाकाहारी जेवण मिळतं का, डॉक्टरांनी किती थर कपडे घातले होते, आणि भारतीय पासपोर्टवर जाता येतं का. बेटाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

पण आमचे अध्यक्ष रघुवीर कोल्हटकर यांच्या डोक्यात तेव्हाच काहीतरी शिरलं. रघुवीरराव विम्याच्या कंपनीत होते आणि साध्या गोष्टीत त्यांचं मन रमत नसे. जानेवारीत लंडनमधल्या ईलिंगच्या मराठी मंडळींनी डॉक्टरांना बोलावलं, तेव्हा पोस्टर करायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'मोफन बेट पाहिलेले पहिले मराठी गृहस्थ.' रघुवीररावांचा लगेच फोन आला. त्यांचं म्हणणं, 'पाहिलं' हा शब्द मवाळ आहे. तेवढ्यासाठी लोक दोन ट्यूब गाड्या बदलून येणार नाहीत. 'पाऊल ठेवणारे' असं लिही.

मी विचारलं, "पण त्यांनी ठेवलं का?"

"बेटापर्यंत गेलेला माणूस दुसरं काय ठेवणार?" रघुवीरराव म्हणाले.

मी तसं लिहिलं. हा दोष माझा आहे आणि तो मी आजही नाकारत नाही. छापण्याआधी पोस्टर डॉक्टरांना दाखवायला मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता दुरुस्ती सांगतील. ते म्हणाले, अक्षरं छान आहेत, फोटो थोडा मोठा कर.

एकदा पाऊल छापून आलं म्हटल्यावर ते ठेवणं भागच होतं. ईलिंगच्या व्याख्यानात जहाजातून रबरी बोट खाली उतरली. डॉक्टर एकटेच गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरले आणि सीलसारख्या, पण लांब सुळ्यांच्या एका प्रचंड वॉलरसने त्यांच्याकडे ओळखीच्या नजरेनं पाहिलं. मार्चमध्ये ग्लासगोला गेलो, तेव्हा दूरवर पांढरं अस्वलही आलं. डॉक्टरांनी वाकून तिथला खडा कपाळाला लावला, मोठ्याने 'गणपतीबाप्पा मोरया' म्हटलं, आणि साठ वॉलरसांनी एकदम माना वर केल्या. ग्लासगोच्या सभागृहात मागच्या रांगांतून 'मोरया' असा प्रतिसाद आला. मी शेजारी काकूंकडे पाहिलं. त्या मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या.

तिथे प्रश्नांच्या वेळी एक मुलगी उभी राहिली. मुलगी म्हणजे तिशीची असेल. तिचं नाव निधी बर्वे. जन्म ग्लासगोचा, वडील तिथे डॉक्टर. ती विद्यापीठात समुद्रपक्ष्यांवर संशोधन करत होती. आईच्या आग्रहाखातर ती कार्यक्रमाला आली होती आणि मराठी जपून, एकेक शब्द निवडून बोलत होती.

"काका, तुम्ही जुलैमध्ये गेलात ना? मोफनवर मेपासून सप्टेंबरपर्यंत लँडिंग बंद असते. बोट पण तीनशे मीटर लांब ठेवायचा असतो. वॉलरस आणि घरट्यांसाठी. तुम्हाला परमिट कशी मिळाली? मी तीन वर्षं अर्ज केली, मला नाही मिळाली."

तिच्या आवाजात खोच नव्हती. तिला खरंच ते परमिट हवं होतं.

डॉक्टरांनी पाण्याचा घोट घेतला. मला आजही वाटतं, त्या घोटाएवढ्या वेळात त्यांना परत फिरता आलं असतं. 'तुम्ही बरोबर म्हणता, आम्ही लांबूनच पाहिलं' एवढं म्हणाले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण समोर दीडशे माणसं होती आणि मागे पडद्यावर त्यांचा मोठा केलेला फोटो होता.

"नियम आम्हालाही ठाऊक होते," ते म्हणाले. "पण आयुष्यात एखादा क्षण असा येतो, की माणूस नियमापुढे थांबत नाही."

टाळ्या पडल्या. निधी खाली बसली. जेवणाच्या वेळी मी पाहिलं, तर ती आणि अरुणाकाकू चहाच्या पिंपाजवळ उभ्या होत्या. काकूंच्या हातात वही होती आणि निधी त्यांना पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होती. दोघींचं जेवायचं राहिलं.

परत आल्यावर रघुवीररावांनी मला कार्यक्रमाचा वृत्तांत इंग्रजीत लिहून मंडळाच्या वेबसाइटवर टाकायला सांगितला. इथे जन्मलेल्या मुलांना आपल्या माणसांचा पराक्रम कळला पाहिजे, असं त्यांचं मत. मी तारखेसकट सगळं लिहिलं. आमची वेबसाइट आमची मुलं वाचत नाहीत, हे मला माहीत होतं. पण ती कुणीतरी वाचतं, हे तीन आठवड्यांनी कळलं.

स्वालबार्डच्या राज्यपालांच्या कार्यालयातून मंडळाच्या पत्त्यावर ई-मेल आली. तिच्यात शिष्टाचार इतका होता की मी आधी ती अभिनंदनाचीच समजले. त्यांनी लिहिलं होतं, की आपल्या वेबसाइटवरचा मजकूर आमच्या वाचनात आला. मोफन हे संरक्षित बेट असून उल्लेखिलेल्या तारखेला तिथे उतरणं हा गुन्हा ठरतो. तरी आपले सदस्य डॉक्टर दाबके नक्की कुठे, किती वेळ आणि कुणाच्या परवानगीने उतरले, हे कृपया कळवावं. जहाजाच्या कप्तानालाही आम्ही विचारत आहोत.

त्या रविवारी दुपारी रघुवीररावांच्या लेस्टरजवळच्या ओडबीतल्या घरी तातडीची बैठक झाली. आम्ही सातजण होतो आणि दाबके पतिपत्नी. कायदा कळणारा आमच्यात एकच होता, अवधूत. तो घरांच्या खरेदीविक्रीची कागदपत्रं करायचा. त्याने ई-मेल दोनदा वाचली आणि सांगितलं, की दोनच शक्यता आहेत. डॉक्टर उतरले असतील तर डॉक्टरांनी कायदा मोडला. उतरले नसतील तर मंडळाने खोटं छापलं. मंडळाचा सदस्य म्हणून आपल्याला पहिली शक्यता जास्त सोयीची वाटते, असंही त्याने जोडलं.

मिलिंद देवस्थळी खजिनदार होते. त्यांनी विचारलं, की तिथे माणूसच राहत नाही तर साक्षीदार कुठून आणणार? त्यावर बराच वेळ चर्चा झाली. रघुवीरराव उभे राहिले. जे बेट कुणाचंच नाही, तिथे मराठी माणसाने पाय ठेवला तर कुणाला पोटशूळ उठायचं कारण काय, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी निषेधाचा ठराव मांडला. तो मराठीत करून इंग्रजी भाषांतरासह पाठवावा, की थेट नॉर्वेजियन भाषेत, यावर मत घ्यायचं ठरलं. मी इतिवृत्तात सगळं लिहीत होते.

 मग डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "माझ्यामुळे मंडळाला त्रास नको. जी शिक्षा असेल ती भोगायला मी तयार आहे."

 रघुवीररावांचे डोळे पाणावले. आणि मला डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते अजून आठवतं. तो माणूस घाबरलेला होता, पण त्याला थोडं बरंही वाटत होतं. झोपून राहिलेला माणूस होण्यापेक्षा गुन्हेगार होणं त्यांना परवडत होतं.

अरुणाकाकू खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते त्या दिवशी केबिनमध्ये झोपले होते. दोन गोळ्या घेऊन. दीड वाजल्यापासून सात वाजेपर्यंत. बेटावर कुणीच उतरलं नाही."

रघुवीरराव म्हणाले, वहिनी, नवऱ्याला वाचवण्यासाठी आपण असं बोलताय, ही आपली भावना आम्ही समजतो.

"वाचवत नाहीये," काकू म्हणाल्या. "जे झालं ते सांगतेय." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "लेस्टरला तुम्ही मी सांगितलेलंच सांगत होतात. मला तेव्हा बरं वाटलं होतं. ईलिंगला त्यातलं अर्धं उरलं. ग्लासगोला बेट उरलंच नाही हो, तुम्हीच तेवढे उरलात."

 अवधूतने विचारलं, की काकूंकडे याचा काही लेखी पुरावा आहे का. काकूंनी पर्समधून वही काढली. शाळेत मिळते तशी, निळ्या पुठ्ठ्याची. त्यांनी अवधूतच्या हाती ती दिली नाही. स्वतःच उघडून वाचायला लागल्या.

चौदा जुलै. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. आकाश ढगाळ, वारा उत्तरेकडून. बेट कंकणासारखं गोल आहे. कडेने गोट्यांचा बांध आणि मधे उथळ पाण्याचं तळं. सगळ्यात उंच जागा माणसाच्या डोक्याहून फारशी वर नाही, असं गाइड म्हणाला. झाड नाही, झुडूप नाही, तरी किनाऱ्यावर मोठमोठे ओंडके पडलेत. ते सायबेरियातल्या नद्यांतून वाहत समुद्रात येतात आणि कित्येक वर्षांनी इथे लागतात. ओंडक्यांमध्ये जुनी हाडं दिसतात, पांढरी. पूर्वी शिकारी यायचे, त्यांनी मारलेल्या वॉलरसांची. एके काळी इथे एकही वॉलरस उरला नव्हता. मग शिकार बंद केली आणि ते आपले आपण परत आले.

काकू पान उलटत होत्या. कुणी चहाचा कप उचलला नाही.

दक्षिण टोकाला वॉलरस आहेत. मी त्रेसष्ट मोजले. सगळे नर. माद्या आणि पिल्लं दूर पूर्वेच्या बेटांवर असतात. हे सगळे एकमेकांना चिकटून पडलेत. जागा भरपूर आहे, पण प्रत्येकाला मधलीच जागा हवी. एखादा उठतो, शेजाऱ्याला सुळा टोचतो, शेजारी ओरडतो, मग तो पलीकडच्याला टोचतो. असं सगळ्यांपर्यंत जातं आणि पुन्हा सगळे झोपतात. कुणीही जागेवरून हललेलं नसतं.

इथे मिलिंदराव एकदम खाली पाहायला लागले. रघुवीररावांनी मात्र शांतपणे मान डोलावली. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नसावं.

पुढे पक्षी होते. किनाऱ्यावर आयडर बदकं. सुरय पक्षी, जे हिवाळ्यात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि उन्हाळ्यात एवढ्याशा गोट्यांच्या पट्ट्यावर अंडी घालायला परत येतात. आणि तीन वाजता काकूंनी गाइडच्या दुर्बिणीतून एक कुरव, म्हणजे सीगलसारखा समुद्रपक्षी, पाहिला होता. करडं डोकं, काळी चोच, चोचीचं टोक पिवळं, शेपूट दुभंगलेली. पंख उघडले की काळा, पांढरा आणि राखाडी असे तीन त्रिकोण. गाइडने त्याला सॅबाइन्स गल म्हणतात आणि तो इथे क्वचितच दिसतो असं सांगितलं होतं, आणि तो स्वतः इतका हरखला होता की त्याने काकूंचा हात धरून हलवला होता. पुढच्या ओळीत काकूंनी लिहिलं होतं, 'ह्यांना उठवायला गेले. उठले नाहीत. परत आले तोवर दोन पक्षी झाले होते. जोडी.'

काकू थांबल्या. त्यांना वाटलं असावं, आता बस झालं.

डॉक्टरांनी चष्मा काढला होता. ते म्हणाले, "पुढे वाच."

काकूंनी उरलेली दोन पानं वाचली. जोडी किती वेळा तळ्याकडे गेली, किती वेळा परत आली, केव्हा धुकं आलं. वाचून झाल्यावर डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, की मी उतरलो नव्हतो, मी झोपलो होतो, आणि वेबसाइटवरचं काढून टाका. एवढं बोलायला त्यांना फार कष्ट पडले. मी ते शब्द जसेच्या तसे इतिवृत्तात लिहिले.

ते तसे राहिले नाहीत. रघुवीररावांनी अर्ध्या तासात दुसरा ठराव तयार केला. डॉक्टर दाबके यांनी वन्यजीवांबद्दलच्या आदरापोटी बेटापासून अंतर राखलं, केबिनमधूनही बाहेर न पडण्याचा संयम दाखवला, आणि पर्यावरणाच्या सध्याच्या काळात हा आदर्श अनुकरणीय आहे, असं त्यात होतं. तो एकमताने मंजूर झाला. जूनमध्ये डॉक्टरांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला. मोफनवर पाऊल न ठेवणारे पहिले मराठी गृहस्थ, असा उल्लेख भाषणात चार वेळा आला. डॉक्टरांनी शाल घेतली. नाही म्हणायला पाहिजे होतं, असं ते मला नंतर म्हणाले, पण रघुवीररावांनी ती अंगावर टाकलीच.

राज्यपालांच्या कार्यालयाला उत्तर मात्र काकूंनी स्वतः लिहिलं. त्यांनी मंडळाला विचारलं नाही. एका पानात घडलेलं सांगितलं, माफी मागितली, आणि वहीतल्या चार पानांचं इंग्रजी करून सोबत जोडलं. आठवड्याने उत्तर आलं. कप्तानाने हेच सांगितलं असल्यामुळे प्रकरण बंद केलं आहे. तसंच, त्या जोडीची नोंद उपयोगाची असून ती संशोधकांकडे पाठवायला बाईंची परवानगी आहे का? काकूंनी ते पत्र घरी कुठेही लावलं नाही. डॉक्टरांनीच मला ते दाखवलं. दोनदा वाचायला लावलं.

त्या उन्हाळ्यात डॉक्टर व्याख्यानाला कुठे गेले नाहीत. मी मंडळाच्या कामाने त्यांच्या घरी गेले की दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलेले असत, मधे निळी वही. ते विचारत आणि काकू सांगत. एकदा मी ऐकलं, ते विचारत होते, की धुकं नेमकं कुठल्या बाजूने आलं. काकूंनी सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी तेच पुन्हा विचारलं आणि काकूंनी पुन्हा सांगितलं. त्यांचा आवाज चढला नव्हता.

नोव्हेंबरमध्ये मी समितीत हट्ट धरून काकूंचं व्याख्यान ठेवलं. पोस्टरवर मी फक्त विषय आणि काकूंचं नाव लिहिलं. रघुवीररावांनी त्याखाली 'डॉ. दाबके यांच्या पत्नी' असं घालायला लावलं, तेवढं मी केलं. त्याच संध्याकाळी क्रिकेटची मॅच होती. चोवीस माणसं आली. त्यांतली सहा वडे लागेपर्यंत बाहेर फोनवर होती. निधी ग्लासगोहून ट्रेनने आली होती.

काकूंना माइकची सवय नव्हती. त्या वहीतून वाचत गेल्या, मधे थांबून समजावत गेल्या. डॉक्टर लॅपटॉपजवळ उभे राहून स्लाइडी बदलत होते. दोन वेळा त्यांनी चुकून पुढची लावली आणि दोन्ही वेळा सॉरी म्हणाले. वॉलरसांच्या भागात थोडं हसू झालं. कुरवांच्या भागात कुणी हसलं नाही. आभार मानताना रघुवीरराव वीस मिनिटं डॉक्टरांच्या त्यागाबद्दल बोलले. मग प्रश्न आहेत का, असं त्यांनी विचारलं. एका बाईंनी जहाजावर दही मिळतं का ते विचारलं. काकू म्हणाल्या, मिळतं, पण गोड असतं.

लोक उठून वड्यांच्या टेबलाकडे गेले. निधी पुढे आली. तिने हाताने काढलेला बेटाचा एक नकाशा आणला होता. तो तिने काकूंसमोर ठेवला आणि पेन काढलं.

"काकू, तो पक्षी तळ्याचा कुठल्या बाजूला बसली होती?"

काकूंनी नकाशा फिरवला, उत्तर दिशा वर केली आणि बोट ठेवलं. निधी म्हणाली, मग घरटी बहुतेक इथे असेल, आणि तिने फुली केली. नाही, काकू म्हणाल्या, थोडं अलीकडे, ओंडके संपतात तिथे. निधीने ती फुली खोडून दुसरी केली. डॉक्टर लॅपटॉप बंद करायला आले होते. ते मागे उभे राहिले. पडद्यावर अजून काकूंनी काढलेला फोटो होता, करड्या पाण्यावरची एक करडी रेघ. माझ्या हातातली वड्यांची प्लेट गार होत चालली होती, आणि त्या दोघी नकाशावरून मान वर करायला तयार नव्हत्या.